वाढत्या नाकातील शर्करा घ्राणतंतूंना पत्ता सांगतात का?

इंदूरमध्येच एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला पत्राने तीन गोष्टी विचारल्या आहेत. उंदराच्या गर्भातील घ्राणतंतूंच्या, म्हणजे नाकाकडून मेंदूकडे वासाचा संदेश नेणाऱ्या चेतातंतूंच्या, पृष्ठभागावर रक्तगटांसारख्या शर्करा असतात आणि वनस्पतींच्या बियांतील लेक्टिनांनी (शर्करेला धरणाऱ्या प्रथिनांनी) त्या रंगवून पाहता येतात, असे तिने वाचले. या शर्करा तंतूंना मेंदूतील नेमक्या जागेचा पत्ता सांगतात का, हा तिचा पहिला प्रश्न. तसे असेल तर माणसाच्या रक्तगटाचा त्याच्या वास घेण्याच्या शक्तीशी संबंध असतो का, हा दुसरा. तिला सोयाबीनचे लेक्टिन वापरून उंदराच्या पिल्लांच्या नाकाचे छेद, म्हणजे पातळ काप, रंगवायचे आहेत, त्यात काय सांभाळावे, हा तिसरा. ऊतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी पस्तीस वर्षे गेली आणि त्यांतली बरीचशी नाकाचेच छेद पाहण्यात गेली, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचताना दिशा राहील. पेशीवरील शर्करा पत्ता ठरवत नाहीत. तंतू कोणाला धरून चालेल, किती घट्ट धरेल आणि वेळेवर पोचेल की मागे राहील, हे ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. पत्ता ज्या यंत्रणेतून ठरतो तिचे एक महत्त्वाचे विकरही (एन्झाइमही) शर्करेवाचून नीट काम करत नाही, असे अलीकडे दिसून आले आहे, आणि तो भाग मला या साऱ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटतो.

आधी पत्ता म्हणजे काय ते पाहू. सस्तन प्राण्याच्या नाकाच्या वरच्या भागात घ्राणस्तर असतो. त्यातील प्रत्येक चेतापेशी एक टोक नाकाच्या पोकळीकडे आणि एक लांब अक्षतंतू मेंदूकडे पाठवते. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये गंधग्राहींच्या, म्हणजे गंधाचे रेणू ओळखणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांचे मोठे कुटुंब शोधून काढले आणि त्या कामासाठी त्यांना २००४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. उंदरात ही कार्यक्षम जनुके हजाराहून अधिक आहेत, माणसात सुमारे ४००. परिपक्व चेतापेशी त्यांतला एकच ग्राही निवडते. इंदूरच्या सराफा बाजारात पोह्यांवर जिरावण मसाला पडला की त्याचा जो एकच एक वास आपल्याला जाणवतो, तो प्रत्यक्षात अनेक रेणूंनी मिळून अनेक प्रकारच्या ग्राहींना केलेला स्पर्श असतो. हे अनेक स्पर्श मेंदूला वेगवेगळे वाचता यावेत, यासाठी एका प्रकारचा ग्राही असलेल्या साऱ्या पेशींचे तंतू घ्राणकंदात, म्हणजे मेंदूच्या पुढच्या टोकाशी असलेल्या वासाच्या भागात, एकत्र येतात. घ्राणस्तरात या पेशी विखुरलेल्या असतात, पण त्यांचे तंतू चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून वर जाऊन प्रत्येक घ्राणकंदात सामान्यतः दोनच गुच्छिकांमध्ये (तंतूंची टोके मेंदूच्या पेशींना जिथे भेटतात त्या गोल गाठींमध्ये) संपतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या बाजूला. पीटर मोंबार्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जनुकात खूण घालून हे एकत्र येणे डोळ्यांना दिसेल असे दाखवले. गावोगावच्या दिंड्या वेगवेगळ्या वाटांनी निघाव्यात, वाटेत एकमेकींत मिसळाव्यात आणि शेवटी प्रत्येक दिंडी आपल्या ठरलेल्या मठातच उतरावी, तसा हा प्रकार आहे. घ्राणचेतापेशी आयुष्यभर मरत आणि नव्याने जन्मत राहतात, त्यामुळे ही वाट एकदा चालून संपत नाही.

आता शर्करांकडे येऊ. सस्तन पेशींच्या बाहेरच्या पृष्ठावर प्रथिनांना आणि स्निग्ध रेणूंना जोडलेल्या शर्करासाखळ्यांचे दाट आवरण असते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एकेरी शर्करा दहाच्या आसपास आहेत: ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज, झायलोज, एन-ॲसिटिलग्लुकोसामीन, एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामीन, ग्लुकुरोनिक आम्ल, सायलिक आम्ल आणि आणखी एखाददुसरी. प्रथिनाचा क्रम जनुकात लिहिलेला असतो, तसा शर्करासाखळीचा क्रम कुठेही लिहिलेला नसतो. पेशीतील गॉल्जी पिंडातून जाताना वाटेत जी विकरे भेटतात, ती आपापली शर्करा आपापल्या जोडाने लावतात. म्हणून पेशीवर कोणती साखळी दिसेल हे त्या पेशीत त्या वेळी कोणती विकरे आहेत यावर अवलंबून असते. गर्भाच्या वाढीत एखादे विकर चार दिवस चालू आणि मग बंद झाले, तर पेशीचा पोशाख बदलतो, आतले प्रथिन तेच राहिले तरीही. हे नीट समजले नाही तर पुढचे प्रयोग समजत नाहीत.

रक्तगटांच्या शर्करा हे याचे सर्वांना परिचित उदाहरण. गॅलॅक्टोजवर फ्यूकोज बसले की एच खूण तयार होते, तिच्यावर एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामीन बसले की ए आणि गॅलॅक्टोज बसले की बी. काहीच बसले नाही तर एच तशीच राहते आणि तो ओ गट. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांच्या तांबड्या पेशींवर एच खूणही नाही अशा माणसांची नोंद केली, तोच आज जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. घ्राणचेतापेशींवरच्या शर्करा याच घराण्यातल्या आहेत, हे विद्यार्थिनीने बरोबर वाचले आहे.

त्या ओळखण्याचे साधन म्हणजे लेक्टिन, अर्थात ठरावीक शर्करेला धरणारे प्रथिन. १८८८ मध्ये स्टिलमार्क यांनी एरंडाच्या बियांच्या अर्काने तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून गोळा होतात हे पाहिले, तेव्हापासून या शास्त्राची सुरुवात मानतात. आपल्या स्वयंपाकघरातले एक कडधान्य या कथेत मानाने उभे आहे. बर्ड यांनी १९५१ मध्ये बंगळूरहून निघणाऱ्या करंट सायन्स या नियतकालिकात कळवले की हुलग्याचा, म्हणजे कुळथाचा, अर्क ए गटाच्या पेशींना निवडून धरतो. तेच लेक्टिन आज रक्तपेढ्यांमध्ये ए-वन आणि ए-टू हे उपगट वेगळे करण्यासाठी वापरतात. तेच लेक्टिन चकाकणारे रंगद्रव्य जोडून नाकाच्या छेदावर टाकले की उंदराच्या घ्राणचेतापेशींपैकी काहीच पेशी उजळतात. सोयाबीनचे लेक्टिनही प्रामुख्याने एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामीन धरते, पण हुलग्याच्या लेक्टिनाइतके ते चोखंदळ नाही आणि गॅलॅक्टोजलाही काही प्रमाणात धरते. ज्या माळव्यात पावसाळ्यात नजर जाईल तिथे सोयाबीन उभे असते आणि जिथे खंडवा रोडवर सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, त्या इंदूरच्या विद्यार्थिनीने हे लेक्टिन निवडावे याचा मला मनापासून आनंद वाटतो.

ब्रायन की आणि जॉर्जी यांनी १९८६ मध्ये सोयाबीनच्या लेक्टिनाने लहान उंदीर (माऊस) आणि मोठा उंदीर (रॅट) यांची घ्राणव्यवस्था रंगवून पाहिली. पुढे ब्रायन की आणि एकेसन यांनी १९९३ मध्ये हुलग्याच्या लेक्टिनाने उजळणाऱ्या चेतापेशींचे वर्णन केले. या पेशी घ्राणस्तरात इतर पेशींमध्ये पच्चीकामासारख्या विखुरलेल्या होत्या, पण त्यांचे तंतू घ्राणकंदात ठरावीक भागांतील गुच्छिकांकडे गोळा होत होते. हे चित्र पाहिल्यावर शर्करा म्हणजेच पत्ता असा विचार कोणाच्याही मनात येईल. विखुरलेल्या पेशी, समान शर्करा, एकत्र आलेले तंतू: युक्तिवाद पूर्ण झाल्यासारखा वाटतो. माझे ठाम मत असे की तो इथे पूर्ण होत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या याचा अर्थ एकीने दुसरी घडवली असा होत नाही. ग्राही हजारावर आणि लेक्टिनांनी वेगळे करता येणारे शर्करागट मोजकेच, तेव्हा एका शर्करेने दोन हजारांच्या आसपासच्या गुच्छिकांपैकी एक निवडणे हिशेबातच बसत नाही. शर्करा फार तर विभाग सांगू शकेल, घर नाही.

काम काय आहे ते कळण्यासाठी शर्करा किंवा तिला धरणारा रेणू काढून टाकून पाहावे लागते. तसे प्रयोग झाले आहेत आणि त्यांचे निकाल सारखे नाहीत, हेच त्यांतले शिकण्यासारखे आहे.

शर्करेला धरणारे रेणू आपल्या स्वतःच्या शरीरातही असतात. गॅलेक्टिन-१ हे त्यांतले एक प्राणिज लेक्टिन. महंतप्पा, श्वार्टिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले की घ्राणचेतापेशी आपल्या पृष्ठावरील लॅक्टोसामीन (गॅलॅक्टोज आणि एन-ॲसिटिलग्लुकोसामीन यांच्या) साखळ्यांच्या आधारे या गॅलेक्टिनाला धरतात, आणि ते गॅलेक्टिन त्यांना एकीकडे एकमेकींशी आणि दुसरीकडे वाटेवरच्या लॅमिनिन या प्रथिनाशी जोडते. म्हणजे शर्करा हा हात आणि गॅलेक्टिन ही पकड. १९९६ मध्ये पुचे आणि ब्रायन की यांच्या गटाने गॅलेक्टिन-१ नसलेले उंदीर तपासले, तेव्हा बहुतेक तंतू व्यवस्थित पोचले होते, पण एका गटाचे तंतू घ्राणकंदातील आपल्या मागच्या भागापर्यंत गेलेच नव्हते. सारी वारी थांबली नाही, एक दिंडी वाटेत राहिली.

रक्तगटाच्या शर्करांवरचा प्रयोग सेंट जॉन, ब्रायन की आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. एच खूण तयार करणारे फ्यूकोज-विकर ज्या उंदरांत नाही, त्यांच्यात घ्राणकंदाच्या थरांची परिपक्वता लांबते. उलट बाजूने, ए खूण तयार करणारे विकर साऱ्याच घ्राणचेतापेशींत चालू केले तर तंतूंची मांडणी बदलते. या निकालातला ‘लांबते’ हा शब्द विद्यार्थ्यांनी पुन्हा वाचावा. शर्करा नसताना तंतू भलतीकडे जाऊन बसले असे नाही, त्यांना उशीर झाला. गर्भाच्या वाढीत उशीर ही क्षुल्लक बाब नसते, कारण पुढच्या पायऱ्या वेळेवर सुरू होतात आणि मागे राहिलेल्यासाठी थांबत नाहीत. पण उशीर म्हणजे चुकलेला पत्ता नव्हे.

तिसरा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. लॅक्टोसामीन साखळी लांबवणारे एक विकर आहे, बीटा-थ्री-जीएन-टी-टू. श्वार्टिंग यांच्या प्रयोगशाळेतून हेनियन यांनी २००५ मध्ये ते नसलेल्या उंदरांचे वर्णन केले. त्या लेखात या विकराला शेवटी टू ऐवजी वन हा क्रमांक आहे, दोन्ही नावे एकाच विकराची आहेत, म्हणून शोधताना गोंधळू नये. जन्माच्या वेळी या उंदरांच्या घ्राणतंतूंवर लॅक्टोसामीन नसते आणि अनेक तंतू योग्य गुच्छिकांशी जोडले जात नाहीत. जन्मानंतरच्या दोन आठवड्यांत काही तंतूंवर ती शर्करा पुन्हा दिसू लागते, तरी नकाशा पूर्ववत होत नाही. आतापर्यंतच्या समजुतीप्रमाणे याचा अर्थ पकड सुटली असा लावता आला असता. २०११ मध्ये त्याच गटाने आणखी खोल पाहिले. घ्राणचेतापेशीत गंधाचा संदेश उमटवणारे ॲडेनिलिल सायक्लेज-३ हे विकर स्वतः शर्करांनी भरलेले प्रथिन आहे, आणि लॅक्टोसामीन साखळी न मिळाल्यास त्याचे कार्य मंदावते.

हे इतके महत्त्वाचे का, ते सांगतो. हितोशी साकानो यांच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवले होते की ग्राहीच्या प्रकारानुसार तंतूत चक्रीय एएमपी या पेशीतल्या निरोप्या रेणूची पातळी कमी-अधिक राहते आणि ती पातळी तंतू घ्राणकंदात पुढे जाईल की मागे हे ठरवते, कारण तिच्यानुसार न्यूरोपिलिन-१ सारखे दिशा दाखवणारे रेणू पृष्ठावर कमी-जास्त येतात. चक्रीय एएमपी तयार करण्याचे काम ॲडेनिलिल सायक्लेजचे. तेव्हा शर्करा कमी पडली की सायक्लेज मंदावते, आणि त्या उंदरांच्या घ्राणस्तरात दिशादर्शक रेणूंचे प्रमाणही घटलेले आढळले. शर्करेने स्वतः पत्ता सांगितला नाही, पण पत्ता लिहिणाऱ्याच्या हातातली लेखणी तिच्यावाचून चालली नाही. पेशीवरच्या शर्करेचे काम केवळ चिकटणे एवढेच, ही जुनी समजूत मी स्वतः अनेक वर्षे वर्गात शिकवली. या प्रयोगानंतर ती बदलावी लागली.

पॉलिसायलिक आम्लाबद्दल दोनच वाक्ये, कारण ते तंतूंच्या पत्त्याशी कमी आणि पेशींच्या स्थलांतराशी अधिक संबंधित आहे. एनकॅम या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनावर सायलिक आम्लाची लांब, ऋणभारित साखळी बसली की पेशींची एकमेकींवरची पकड सैल होते आणि त्या सरकू शकतात. ज्या उंदरांत ते प्रथिन नाही त्यांचे घ्राणकंद लहान राहतात, कारण मेंदूच्या आतून घ्राणकंदाकडे सरकत येणाऱ्या नव्या चेतापेशी वाटेतच साचतात.

माणसात शर्करा आणि घ्राणविकास यांचा दुवा शोधायचा असेल तर तो रक्तगटात शोधू नये, हेपारान सल्फेटमध्ये, म्हणजे पेशीबाहेरच्या सल्फेट बसलेल्या लांब शर्करासाखळ्यांत, शोधावा. कालमान विकारात वास येत नाही आणि वयात येण्याची प्रक्रिया घडत नाही किंवा अपुरी राहते. १९४४ मध्ये कालमान यांनी त्याचे कौटुंबिक स्वरूप मांडले. वास आणि वयात येणे यांचा संबंध पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतो, पण गर्भात प्रजननसंप्रेरक चालू करणाऱ्या चेतापेशी नाकाच्या भागातच जन्मतात आणि घ्राणतंतूंच्या वाटेनेच मेंदूत शिरतात. वाट झाली नाही तर त्याही पोचत नाहीत. या विकारातील एका जनुकाचे प्रथिन, ॲनॉस्मिन-१, हेपारान सल्फेटच्या साखळ्यांना धरून काम करते, आणि त्या साखळ्यांवर सल्फेट बसवणाऱ्या एका विकरातील दोषही अशा रुग्णांत सापडले आहेत. मुलगा किंवा मुलगी वयात येत नाही म्हणून दाखवायला आणले तर डॉक्टरांनी वास येतो का हे जरूर विचारावे. अशा मुलांना वास न येण्याची सवय जन्मापासून असते आणि ती आपण होऊन सांगत नाहीत.

रक्तगटाच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. उंदराच्या घ्राणतंतूंवर एच खूण असते आणि ती नसल्यास वाढ लांबते, यावरून ओ, ए किंवा बी गटाच्या माणसाला वास कमी-जास्त येतो असे म्हणता येत नाही. ओ गटाच्या माणसात एच असतेच, आणि एकच शर्करा वेगवेगळ्या प्राण्यांत वेगवेगळ्या ऊतींवर असते. बॉम्बे गटाच्या माणसाच्या नाकाबद्दलही उंदरावरून निष्कर्ष काढणे हे शास्त्र होणार नाही.

आता प्रकल्प. जन्माआधीच्या आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या पिल्लांचे नाक मऊ असते, हाडातील चुना काढावा लागत नाही. त्यापुढच्या वयात तो काढावा लागतो आणि त्यासाठी बहुधा ईडीटीए हे कॅल्शियम ओढून घेणारे रसायन वापरतात. इथे मी एकदा मोठी चूक केली होती. शेंगाधारी वनस्पतींची बरीच लेक्टिने कॅल्शियम आणि मँगनीजच्या साहाय्याने शर्करा धरतात, आणि छेदात उरलेले ईडीटीए नेमके तेच हिरावून घेते. माझे छेद कोरे राहिले आणि त्या वयात ती शर्करा नाहीशी होते असे मी टिपणात लिहून ठेवले. दोन महिन्यांनी छेद नीट धुऊन, द्रावणात कॅल्शियम घालून पुन्हा रंगवले, तेव्हा शर्करा होती तिथेच दिसली. त्या दोन महिन्यांची मला आजही हळहळ वाटते, म्हणून हे आवर्जून लिहितो.

छेद गोठवून कापावेत. मेणात बसवताना अल्कोहोल आणि झायलीन स्निग्ध रेणूंवरील शर्करा धुऊन नेतात, आणि घ्राणतंतूंवरच्या लॅक्टोसामीनाचा मोठा वाटा तशाच रेणूंवर असतो. एकच प्रकारचे छेद पाहून शर्करा नाही असे लिहिणे त्यामुळे धोक्याचे आहे. दुसरे, घ्राणस्तराखालच्या बोमन ग्रंथी आणि नाकातला श्लेष्मा शर्करांनी काठोकाठ भरलेले असतात आणि लेक्टिनाने सर्वांत आधी तेच उजळतात. नवख्याला ते चेतापेशींचे समूह वाटतात. म्हणून त्याच छेदावर परिपक्व घ्राणचेतापेशींची खूण असलेल्या ओएमपी प्रथिनाचे प्रतिपिंड वापरावे आणि दोन्ही रंग एकाच पेशीत जुळतात का ते पाहावे. तिसरे, प्रत्येक वेळी एका छेदावर लेक्टिन त्याच्याच शर्करेत, म्हणजे एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामीनाच्या द्रावणात, आधी मिसळून टाकावे. तिथे रंग आला तर तो शर्करेमुळे आलेला नाही. शक्य असल्यास शेजारच्या छेदांवर हुलग्याचे लेक्टिनही वापरावे, कारण दोन्ही एकाच शर्करेकडे झुकत असूनही नेमक्या त्याच पेशी उजळत नाहीत, आणि तो फरकच प्रकल्पाचा सर्वांत चांगला भाग होऊ शकतो. गर्भाचे वय मादीत वीर्यखूण (समागम झाल्याची खूण) दिसलेल्या सकाळपासून मोजावे आणि ते कसे मोजले ते लिहावे. उंदराची गर्भावस्था १९ ते २० दिवसांची असते, तेव्हा अर्ध्या दिवसाच्या गफलतीनेही दोन पिल्लांची तुलना फसते.

आणि निष्कर्ष लिहिताना ‘सोयाबीनचे लेक्टिन या पेशींना चिकटते’ असे लिहावे. ‘या पेशींना या शर्करेची गरज असते’ हे वाक्य लिहिण्याचा अधिकार ती शर्करा काढून टाकून पाहिल्यावरच मिळतो. पहिले वाक्य पूर्ण पुराव्यानिशी लिहिलेला प्रकल्प मी समाधानाने वाचेन. छेद तयार झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली एकदा एकत्र बसून पाहता आले तर त्यासाठी मी कोणत्याही सकाळी येईन.